बिनखताची भाकरी

आमचे हे सांगलीत खताच्या गोदामात नोकरीला होते, आणि आमचे मामंजी, म्हणजे ह्यांचे वडील, खत घातलेल्या रानातला दाणा तोंडात घालत नव्हते. दोघांच्या मधे चूल माझी. आता मी काय शिजवायचं ते तुम्हीच सांगा.

खत म्हणजे शेणखत नव्हे हो. शेणखताला आमच्याकडं कधी कुणी नावं ठेवली नाहीत. खत म्हणजे ते पांढरं, पोत्यातलं, सरकारी. माझं माहेर माण तालुक्यातलं आणि सासरही तिथलंच, म्हसवडच्या अलीकडं-पलीकडं. तिथं पाऊस आला तर आला, नाही तर त्याची मर्जी. अशा कोरड्या मातीत ते खत टाकलं तर उगवलेलं पीक करपून जायचं, म्हणून कुणी टाकत नव्हतं. कारण एवढं साधं होतं. पण मामंजींना साधी कारणं आवडत नसत. ते म्हणायचे, "माती आई हाय. आईला कुणी सुया टोचतं व्हय?" आणि ऐकणारे माना डोलवायचे, कारण टोचायला सुई कुणाला परवडणारच नव्हती.

असल्या घरातला थोरला मुलगा मॅट्रिक होऊन सांगलीला जातो आणि खताच्या गोदामात चिकटतो, म्हणजे बघा. मामंजींनी त्या दिवशी जेवण केलं नाही म्हणे. पुढं मुलाचा पगार गावाकडं जायला लागल्यावर मात्र जेवण व्यवस्थित चालू झालं. पगाराला खताचा वास येतो असं त्यांनी कधी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

लग्नानंतर पहिली काही वर्षं मी सासरीच होते; दुष्काळ सरल्यावर सांगलीला आले तेव्हा मला ते परमुलूखच वाटलं. जिकडं बघावं तिकडं पाणी, ऊस, हळद, आणि पाणी आपल्या बापाचं असल्यासारखी बोलणारी माणसं. मी "हाय" म्हटलं की शेजारणी हसायच्या, आणि त्या स्वतः काय म्हणायच्या? "हाय"च. पण त्यांचं "हाय" बागायती होतं. नदीकडच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहत होतो. गोदामातून रिकामी पोती फुकट मिळत, म्हणून खिडकीला पोत्याचा पडदा, खाली बसायला पोत्याचं बसकर, बाजाराची पिशवी पोत्याची. गावाकडं धाकट्या दिरांनी तर पोत्याची चड्डी शिवून घेतली होती, आणि मागं वजन छापलेली ती चड्डी घालून ते मोठ्या ऐटीत हिंडायचे.

मामंजी आमच्याकडं आले ते बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाल्यावर, संक्रांतीनंतर. हौसेनं नव्हे, पोट दुखत होतं म्हणून. दुष्काळात सरकारनं परदेशातली लाल ज्वारी वाटली होती, मिलो म्हणत तिला. सगळ्या मुलखानं ती खाल्ली आणि सगळा मुलूख जगला. मामंजींचं मात्र ठाम मत होतं की आपलं पोट बिघडलं ते त्या लाल ज्वारीनं, आणि ती लाल झाली होती ती खतानं. मिरजेच्या डॉक्टरचं मत वेगळं होतं. त्यांनी पोट दाबून, फोटो काढून सांगितलं, "आत जखम आहे, ऑपरेशन करावं लागेल. पण ह्यांच्या अंगात काही उरलेलंच नाही. महिना-दीड महिना दूध-भाकरी खाऊ घाला, अंगात रक्त भरू दे, मग आणा. असेच आणलेत तर मी हात लावणार नाही, आणि फार उशीर केलात तर हात लावून उपयोग होणार नाही."

डॉक्टर इंजेक्शन देत होते तेव्हा मामंजी निमूट पडून होते. आईला सुया टोचण्याबद्दल तिथं ते एक अक्षर बोलले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी ज्वारीचं एक बोचकं माझ्यापुढं ठेवलं. गावातली, घरातली शेवटची ज्वारी होती ती. त्या साली माणात पावसानं दडी मारलेली, शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरलेली उगवलीच नव्हती. घरात होतं तेवढं सगळं एका फडक्यात बांधून दीर त्यांना सोडायला आले होते. मागं राहिलेल्यांनी काय खायचं ते त्यांनी बघावं.

"पोरी," मामंजी म्हणाले, "मी आलोय खरा, पर तुमच्या सांगलीचा दाणा मी खाणार न्हाई. आधीच सांगून ठेवतो."

"मग काय खाणार, मामंजी?"

"ही आणल्याली हाय की."

"आणि ही सरल्यावर?"

"ही सरंस्तवर मी बरा हुतो."

म्हणजे डॉक्टरांचं, सरकारचं आणि पावसाचं सगळं गणित ह्यांच्या बोचक्यावर बसवलेलं. मी कपाळाला हात लावला आणि दळण टाकायला गेले. गिरणीवाल्याला विनवून आधी जातं झाडून घ्यायला लावलं, कारण आधीच्या बाईचं पीठ हायब्रीडचं, म्हणजे खतावर वाढणाऱ्या नव्या ज्वारीचं होतं आणि ते आमच्या पिठाला लागलं तर आमची ज्वारी बाटली असती. गिरणीवाला माझ्याकडं असा बघत होता की घरी कुणाचं डोकं फिरलंय, हिचं का नवऱ्याचं.

एक मात्र सांगायलाच हवं. मामंजींना चहा लागायचा, आणि त्यात साखर लागायची ती चमचा उभा राहील एवढी. सांगलीची साखर, सांगलीच्या उसाची, आणि तो ऊस काय हवा खाऊन वाढत होता? आमच्याच गोदामातली पोती बैलगाड्या भरभरून त्या उसाला जात होती. दूध आणत होतो ती म्हैसही उसाचं वाडंच चघळत होती. हे मी एकदा बोलले. मामंजी म्हणाले, "साखर काय अन्न हाय व्हय?" आणि बशी तोंडाला लावली.

बोचकं संपलं. मामंजी बरे झाले नव्हते.

ह्यांनी पहिल्यांदा मर्दुमकी गाजवायची ठरवली. पेठेतून हायब्रीड ज्वारी आणली, एका जुन्या फडक्यात बांधली आणि घरात येता येता मोठ्यांदा म्हणाले, "आबा, म्हसवडचा एक माणूस भेटला, त्यानं ही दिली." मामंजींनी चार दाणे तळहातावर घेतले, एक तोंडात टाकला, आणि ह्यांच्याकडं बघितलं.

"कुठलं म्हसवड रं? आमच्याकडं एकच हाय."

हे उठून नळावर पाय धुवायला गेले. पाय आधीच धुतलेले होते.

मग मोहीम माझ्याकडं आली. मी सांगलीची पेठ पालथी घातली. पहिला दुकानदार म्हणाला, "बिनखताची? अहो वहिनी, खताबिगर कधी दाणा भरतो का?" दुसरा म्हणाला, "आमची सगळी बिनखताचीच आहे, कुठली देऊ?" तिसऱ्यानं आधी विचारलं की आजारी माणसासाठी हवी का, आणि मी हो म्हटल्यावर त्याच ढिगातली ज्वारी दुसऱ्या मापानं मोजायला काढली. शनिवारच्या बाजारात एक म्हातारी भेटली. गळ्याची आण घेऊन सांगायला लागली की बाई, माझ्या रानाला खत ठाऊकच न्हाई. शपथ छान घेत होती. ज्या पोत्यावर बसून घेत होती त्याच्यावरचा छाप तेवढा मी ओळखला. आमच्याच गोदामाचा होता.

तरी प्रत्येक ठिकाणाहून मी वानोळ्यापुरती ज्वारी आणून भाकरी करून वाढत होते. मामंजी एक घास घ्यायचे आणि ताट बाजूला सारायचे. खरंच कळत होतं, की नुसता हट्ट होता, ते मला आजवर समजलेलं नाही. हायब्रीडची भाकरी चिवट, कडेला फुटणारी, हे खरं. पण काहीच न खाण्यापेक्षा चिवट बरी की नाही? "नुसतं दूध द्या," म्हणायचे. नुसत्या दुधावर म्हातारा माणूस किती दिवस काढणार? त्यांच्या मनगटातलं चांदीचं कडं पूर्वी घट्ट बसायचं, ते आता कोपराकडं सरकायला लागलं होतं. अंघोळीला पाणी काढून द्यायला गेले की मला त्यांच्या फासळ्या मोजता यायच्या.

मला राग यायचा, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटायची. लोक काय म्हणतील ह्याचीही वाटायची, खोटं कशाला सांगू. सासरा सुनेच्या घरी उपाशी मेला, असं म्हणायला गाव टपलेलंच असतं. पण तेवढंच नव्हतं. दुष्काळात आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो, तेव्हा मला हिवताप भरला. मी झाडाखाली पडून होते, आणि संध्याकाळी मोजायला माणूस आला तर माझ्या नावाचा ढीग तयार. ह्या म्हाताऱ्यानं आपलं काम करून माझं फोडलं होतं. त्याबद्दल तो तेव्हाही बोलला नाही आणि नंतरही बोलला नाही. असल्या माणसाला ज्वारीच्या भाकरीवाचून मरू द्यायचं? मला ते जमणार नव्हतं.

आणि मग मला ती ज्वारी सापडली. कुठं, तर आमच्याच घराच्या मागं.

घरमालकीण म्हणजे बागायतदारीण. बाईचा ऊस, बाईची हळद, बाईची वांगी शहरात जायची. मी तिला काकी म्हणत असे. एकदा वाळवण घालायला मी गोठ्याच्या पलीकडं गेले, तर विहिरीच्या कडेला शाळूचं एक लहानसं रान. काढून आडवी पाडलेली ताटं लांब, बारीक, आमच्या माणातल्यासारखी. कणसं सैलसर आणि दाणा मोत्यासारखा. बांधाला शेणखताचा ढीग. मी तिथंच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, उगीच.

काकी म्हणाली, "ते व्हय? ते घरचं हाय."

"घरचं म्हणजे?"

"घरात खायला. त्याला आमी ते पांढरं घालत न्हाई. त्यानं पित्त हुतंय."

"आणि बाजारात जातं ते?"

"ते बाजाराचं हाय," काकी म्हणाली. तिच्या तोंडावरची रेघ हलली नाही. "त्याला घालावंच लागतंय. तुझ्याच नवऱ्याकडनं तर न्हेतो की."

म्हणजे सगळ्या सांगलीला वाढायचं एक आणि आपल्या ताटात घ्यायचं दुसरं. आणि हे एकट्या काकीचं नव्हतं. पुढं मी बघितलं, नदीकाठच्या घराघराला असा विहिरीजवळचा एक तुकडा होता. मी पेठा पालथ्या घालत हिंडले, आणि माझे मामंजी म्हणतात तेच ही सगळी बागायतदार मंडळी गुपचूप मानत होती. फक्त मामंजी ते मोठ्यांदा म्हणायचे, म्हणून ते अडाणी.

"काकी, पायलीभर द्या की मला. मामंजींसाठी. म्हणाल तो भाव देते."

"तसलं बोलू नगंस बाई. घरचं खाण्याचं इकत न्हाईत. इकलं की बरकत जाती."

"मग उसनी द्या."

"फेडशील कुठनं? तसलीच आणून देशील?"

हे मात्र बिनतोड होतं. तसली आणता आली असती तर मी तिच्या दारात कशाला उभी राहिले असते?

पण माणातल्या माणसाला एक कळतं. जे विकत मिळत नाही आणि उसनं मिळत नाही, त्याला तिसरी वाट असते. मी विचारलं, "काकी, ह्याची खुडणी कधी?"

तर काकीचं तोंड कडू झालं. खुडणीला बायकाच मिळत नव्हत्या. हळदीच्या काढणीचे दिवस. सगळ्या बायका हळदीच्या रानात गेलेल्या, तिथं रोख मिळायचं. घरच्या तुकड्याच्या खुडणीला मजुरी कणसांतच द्यायची अशी त्या घरची रीत होती, आणि रोखीच्या दिवसांत कणसांना कोण विचारतो. ताटं तशीच पडून, वरून चिमण्या सोहळा करत होत्या.

"मी येते," मी म्हटलं.

काकी दचकलीच. "तू? सायबाची बायकू? आमी भाडेकरणीला मजुरीला लावली म्हणत्याल लोक. आमची काय इज्जत ऱ्हाईल?"

"आमचे साहेब नाहीत हो काकी, पोती मोजतात."

"तरी पर."

तरी पर चिमण्यांपुढं इज्जत फार वेळ टिकली नाही. काकीनं अट घातली की तोंडाला पदर गुंडाळून यायचं, म्हणजे कुणी ओळखणार नाही. मी गुंडाळला. पहिल्याच सकाळी बांधावरून जाणाऱ्या प्रत्येक बाईनं मला हाक मारून विचारलं, काय गं, खुडणीला का?

ह्यांना मी आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. ते म्हणाले, "आणि गोदामातल्या कुणी पाहिलं तर? खतवाल्याची बायको बिनखताच्या रानात?" मी म्हटलं, तुमचे वडील जेवले तर मला चालेल कुणीही पाहिलेलं. तुम्ही म्हसवडच्या माणसाला परत एकदा भेटता का? मामंजींना सांगायचं नाही, एवढं मात्र आमचं ठरलं. मी देवळात पोथी ऐकायला जाते असं त्यांना सांगितलं. त्यांना बरं वाटलं.

ताटांवर बसून विळ्यानं कणसं खुडायची. सवय मोडली होती माझी, सांगलीचं पाणी अंगाला लागलेलं. पातीनं हात चिरले, कुसानं मान खाजून खाजून लाल झाली. पण मला ते आवडत होतं, खरंच. तो वाळल्या ताटांचा वास मला किती दिवसांत आला नव्हता. संध्याकाळी काकी कणसं पदरात टाकायची, आणि टाकताना पडेल चेहऱ्यानं त्यातलं एक मोठं कणीस परत काढून घ्यायची. बागायती हात तो, सवय कशी जाणार.

खुडणी उरकली त्या दिवशी दुपारी मामंजी पडलेत असं बघून मी मागच्या दारी कणसं धोपाटण्यानं बडवायला घेतली. कपडे धुतेय असं वाटेल म्हणून. पण धोपाटणं कपड्यावर पडतं की कणसावर, हे मामंजींना कळत नाही असं समजणारी मीच मूर्ख. भिंत धरत धरत ते दारात आले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. खाली बसले, ओंजळ भरून दाणे घेतले, फुंकले, दोन तोंडात टाकले.

"शाळू हाय," म्हणाले. "आणि बिनखताचा. सांगलीत कुठं गावला गं?"

"मिळाला, मामंजी."

"इकत?"

"न्हाई."

"कुणी दिला?"

मी सूप हलवत राहिले. त्यांनी माझे हात बघितले. नंतर मानेकडं बघितलं. खेड्यातल्या माणसाला पुढं सांगावं लागत नाही. ओंजळीतले दाणे त्यांनी सावकाश सुपात परत सोडले, हात धोतराला पुसले आणि आत निघून गेले.

त्या संध्याकाळी मी त्या ज्वारीची भाकरी केली. पांढरीशुभ्र, टम्म फुगलेली, अशी भाकरी मी सांगलीत आल्यापासून केली नव्हती. दुधात कुस्करून वाटी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती सरकवली.

"मामंजी, बिनखताची हाय."

"ठावं हाय."

"मग?"

"माझी सून दुसऱ्याच्या रानात वाकली, त्याची हाय ही. माझ्या गळ्याखाली उतरणार न्हाई."

आता मात्र माझा ताबा सुटला. हे घरात होते, तरी मी थांबले नाही. इतक्या वर्षांत मामंजींपुढं मी आवाज चढवला तो तेवढा एकदाच. "दुष्काळात आपण सगळ्यांनी खडी फोडली की नाही? तेव्हा नाही लाज वाटली?"

"ते सरकारचं काम व्हतं. सगळा मुलूख व्हता रस्त्यावर. दुसऱ्याच्या बांधाआत आपल्या घरातली बाई कवा गेली न्हाई."

"आवं, तुमाला खताची चालत न्हाई, बाजारची चालत न्हाई, आणि आता कष्टाचीबी चालत न्हाई. मग मरायचं का? मरायचं असलं तर तसं सांगा, म्हणजे मी चूल पेटवायची थांबते. मला हितं रोज तुमच्या फासळ्या मोजायच्या न्हाईत. माझ्या वाट्याची खडी तुमी फोडली तवा मी तुमाला नको म्हणाले होते?"

बोलता बोलता माझं बोलणं पार म्हसवडला गेलं होतं, आणि मी रडत होते. हे पोत्याच्या पडद्याकडं बघत बसलेले. मामंजींनी कडं मनगटावर ओढून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "ती दुसरी हाय का?"

"कुठली?"

"ती पेठंतली. हायब्रीड का फायब्रीड."

"हाय."

"तिची टाक भाकरी. रोज तिचीच टाक. पर परत त्या रानात जायाचं न्हाई. शपथ घे."

मी घेतली. खुडणी तशीही संपली होती, पण ते मी सांगितलं नाही. डोळे पुसून पेठेतलं पीठ मळायला घेतलं. ते पीठ असं की उकळतं पाणी घातलं तरी एकजीव होईना. कशीबशी थापली, कडा फुटल्या, तशीच दुधात कुस्करली. मामंजींनी पहिला घास घेतला आणि एरंडेल पाजल्यासारखं तोंड केलं. दुसरा घेतला. तिसऱ्याला म्हणाले, "ह्यात काय राम न्हाई." आणि वाटी संपवली.

"आणि ही चांगली ज्वारी?" मी विचारलं.

"डब्यात भर. तिला कुणी हात लावायचा न्हाई."

म्हणजे आम्हीही खायची नाही. बघा न्याय. सांगलीत हाती लागलेली एकुलती एक बिनखताची ज्वारी, ती डब्यात झाकून ठेवायची, आणि सगळ्या घरानं तोंडं वाकडी करत हायब्रीड चावायची. पण मामंजी रोज जेवत होते. रोज शिव्या देत होते आणि जेवत होते. शिव्यांनी रक्त वाढतं की भाकरीनं, मला ठाऊक नाही. कडं मात्र हळूहळू कोपरावरून खाली यायला लागलं. ऊन तापायला लागल्यावर मिरजेला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चांगलं खाऊ घातलंत. मामंजी पलंगावरून म्हणाले, "चांगलं कुठलं डाक्टर, खताचं." डॉक्टरांना वाटलं, भुलीचा अंमल अजून उतरला नाही.

गावाला निघताना त्यांनी तो डबा मागितला. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, "माझं मी बघीन." मला वाटलं, हा हट्टी म्हातारा ती वाटेत कुठंतरी ओतून टाकणार, घराण्याची लाज म्हणून. इतके हात चिरून घेतले त्याचं हे. मी रागारागानं ज्वारी फडक्यात बांधून दिली आणि एस. टी. सुटताना नीट पायाही पडले नाही, नुसतं वाकल्यासारखं केलं.

पुढच्या वर्षी पाडव्याच्या सुमाराला दीर आले. डोक्यावर पोतं. पोतं आमच्याच गोदामाचं, पण उलटं केलेलं, छापील बाजू आत. तोंड सोडलं तर आत धोतराचं जुनं पान, दुहेरी, दाण्याला पोत्याचा स्पर्श होऊ नये म्हणून. आणि त्यात ज्वारी. दाणा लहान होता, माणात पाऊस असा पडतो किती. पण पांढरा आणि टणक होता.

दीर म्हणाले, "वैनी, गेल्या साली बी न्हवतंच कुणाकडं. सरकारी बी आणि खत मिळत व्हतं, मी म्हटलं घेऊ या. आबांनी घेऊ दिलं न्हाई. तुमची ती ज्वारी काढली, घरामागच्या पट्टीत स्वतः पेरली. मला पाभरीला हात लावू दिला न्हाई. रातदिस राखण केली. औंदाचं बी ठेवून बाकी सगळी तुमाला पाठवलीय."

"सगळी? मग घरात?"

"घरात हायब्रीड," दीर म्हणाले. "आबाबी तीच खात्यात. शिव्या देत."

"आणि निरोप काय दिला?"

दिरांनी डोकं खाजवलं. "म्हणाले, पोरीला सांग, तिची मजुरी हाय, ऱ्हायली व्हती माझ्याकडं."

मी पोतं आत ओढून घेतलं. दिरांपुढं रडायचं नव्हतं म्हणून चुलीत फुंकर घालत बसले. पीठ दळून आणलं, गिरणीवाल्याला आधी जातं झाडायला लावलं. संध्याकाळी हे गोदामातून आले, नळावर पाय धुतले आणि जेवायला बसले. मी भाकरी वाढली. एक घास खाऊन ते थांबले आणि म्हणाले, "कुठली गं ही?"

"म्हसवडचा एक माणूस भेटला," मी म्हटलं, आणि दुसरी थापायला घेतली.